अडीच मैलांची शतपावली

नोंदणीच्या फॉर्मवर पहिल्याच प्रश्नाला गाडं अडलं. नाव, पत्ता, टी-शर्टचं माप हे सगळं नंतर. आधी सांगा, तुम्ही बारा डोनट खाणारे स्पर्धक, की जमेल तेवढं खाऊन जमेल तसं धावणारे हौशी? आपल्या गृहस्थांचं बोट आधी 'हौशी'कडेच गेलं होतं. मग त्यांना आठवलं की ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा काटकुळा पोरगा स्पर्धक म्हणून नाव देऊन मोकळा झालाय. लग्नाच्या पंगतीत पैजेवर जिलब्यांची परात संपवणाऱ्या आजोबांचा नातू हौशी म्हणून उभा राहणार? बोट सरकलं. कार्डावरून पैसे गेले. बायको मागे उभी राहून बघत होती.

"अरे, पण यात धावायचंही आहे."

"पाचच मैल," गृहस्थ म्हणाले. "आणि मध्ये खायला आहे."

हे गृहस्थ कोण, असं विचारू नये. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या रॅली, कॅरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात संगणकावर पोट भरणारी मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि हे गृहस्थ त्या प्रत्येकाच्या ओळखीत एकतरी असतात. इथे ते नमुन्यादाखल घेतले आहेत. वय पंचेचाळीसच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे. शर्यत मात्र शंभर टक्के खरी आहे. तिचं नाव क्रिस्पी क्रीम चॅलेंज, आणि ती दरवर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रॅलीत होते.

प्रकार असा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या बेलटॉवरपाशी जमायचं. तिथून अडीच मैल धावत पीस स्ट्रीट आणि पर्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानापर्यंत जायचं. तिथे साखरेचा पाक चढवलेले बारा डोनट खायचे. आणि आल्या वाटेने अडीच मैल पुन्हा धावत बेलटॉवरला परतायचं. हे सगळं एका तासात. 2400 कॅलरी, 12 डोनट, 5 मैल, 1 तास, असं ब्रीदच आहे त्यांचं. 2004 साली मूठभर विद्यार्थ्यांनी एकमेकांना "आहे का हिंमत?" असं डिवचलं, त्यातून हे निघालं. विशीतल्या पोरांनी एकमेकांना डिवचल्यावर जे होतं ते बहुधा पोलिसांत किंवा हॉस्पिटलात संपतं. हेही हॉस्पिटलातच संपलं, पण चांगल्या अर्थाने: पुढे पुढे शर्यतीचे पैसे चॅपेल हिलच्या मुलांच्या हॉस्पिटलला जाऊ लागले आणि आजवर ती देणगी दहा लाख डॉलरच्या कितीतरी वर गेली आहे. काही वर्षी आठेक हजार माणसं उतरली. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ने पदवी हातात पडण्याआधी करायच्याच अशा गोष्टींच्या यादीत तिला जागा दिली. सगळा कारभार अजूनही विद्यार्थीच बघतात, हे ऐकून गणेशोत्सव मंडळात उमेदवारी केलेल्या कुणाचाही ऊर भरून यावा.

ज्या मनोऱ्यापासून ही शर्यत सुटते, त्याची कहाणीही ऐकण्याजोगी आहे. काम सुरू झालं 1921 साली, मनोरा उभा राहिला 1937 साली, उंची 115 फूट, नाव बेलटॉवर. फक्त घंटा नव्हत्या. घंटानाद व्हायचा तो ध्वनिक्षेपकातून. खऱ्या घंटा चढल्या 2021 साली, म्हणजे शंभरीला. पुण्यामुंबईचे पूल आणि मेट्रो यांच्यावर रोज करवादणाऱ्यांनी हे कापून जपून ठेवावं.

क्रिस्पी क्रीमचं पहिलं दुकानही त्याच 1937 चं. व्हर्नन रुडॉल्फ नावाच्या तरुणाने याच राज्यातल्या विन्स्टन-सेलम गावात ते थाटलं. धंदा घाऊक होता, माल किराणा दुकानांना जायचा. पण तळणीचा वास रस्त्यावर जाई आणि रस्त्यावरची माणसं आत येत. शेवटी त्याने भिंतीलाच भोक पाडलं आणि तिथून गरमागरम डोनट विकायला सुरुवात केली. आजही ताजा घाणा निघाला की या दुकानांच्या काचेत 'हॉट नाऊ'चा लाल दिवा लागतो, आणि वळायचं ठरवलेलं नसलेल्या गाड्या आपोआप वळतात. आपल्याकडे वडापावच्या गाडीला दिवा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

तर, नाव दिलं. आता घरच्यांची समजूत घालणं आलं.

सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"त्या दिवशी शनिवार आहे ना रे?"

"हो."

"मग उपास? की तिकडे जाऊन सोडलास मारुतीला?"

"अगं, संध्याकाळी धरीन."

"संध्याकाळी उपास सोडतात, धरत नाहीत. साबुदाण्याचा नसतो का तो तुमचा?"

"नसतो."

"आणि भरल्या पोटी पळायचं? अपेंडिक्स होतं."

गृहस्थांनी मोठ्या संयमाने सांगितलं की हे एका हॉस्पिटलसाठी आहे, आजारी मुलांसाठी आहे, पुण्याचं काम आहे.

"मग पैसे देऊन ये. डबाभर लाडू दे हवं तर. स्वतः आजारी पडून त्याच हॉस्पिटलात जायचं म्हणजे काय?"

"आई, ते लहान मुलांचं हॉस्पिटल आहे."

"मग घेतील तुला."

माउलीचा मुद्दा बिनतोड होता, आणि तो जगातल्या सगळ्याच धर्मादाय शर्यतींना लागू आहे. पैसे द्यायचेत ना, मग द्या की! खिशात हात घाला, रक्कम पाठवा, घरी झोपा. पण माणसाचं तसं नसतं. ऑलिव्होला आणि शफीर या दोन संशोधकांनी 2013 साली यावर एक अभ्यासलेख छापला. लोकांना विचारलं, देणगीसाठी एक सहल काढलीय आणि एक पाच मैलांची दौड ठेवलीय, तुम्ही कशाला किती द्याल? दौडीला जास्त द्यायला लोक तयार! त्रास असेल तर हात सैल सुटतो. याला त्यांनी हुतात्मेपणाशी नातं सांगणारं भारदस्त नाव दिलं. अंगारकीला बोरिवलीहून अनवाणी चालत सिद्धिविनायकाला जाणाऱ्यांना हे कुणी छापून सांगायची गरज नव्हती. लोकल असते, बेस्ट असते, टॅक्सी असते. पण टॅक्सीने जाऊन फेडलेला नवस बाप्पाच्या खाती जमा होईल की नाही, याची खात्री कोण देणार? रॅलीच्या पोरांची अक्कल अशी की त्यांनी सहल आणि दौड एकत्रच केली, आणि दोन्हींतलं सुख काढून घेतलं.

बायकोची समजूत काढणं त्याहून अवघड. ती हिशेबाची पक्की. म्हणून गृहस्थांनी तिच्यापुढे इतिहास मांडायचं ठरवलं. खाणं आणि धावणं यांची सांगड काही आजची नाही, हे एकदा सिद्ध झालं की विषय संपला, असा त्यांचा होरा.

"इंग्लंडमध्ये ओल्नी म्हणून गाव आहे," त्यांनी सुरुवात केली. "तिथे 1445 पासून पॅनकेकची शर्यत आहे म्हणतात. एक बाई चुलीपाशी पॅनकेक भाजत होती. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. उशीर होईल म्हणून ती तवा घेऊनच धावत सुटली."

"पॅनकेकसकट?"

"पॅनकेकसकट. तेव्हापासून लेंटच्या उपासांच्या आदल्या मंगळवारी गावातल्या बायका ॲप्रन बांधून, डोक्याला रुमाल बांधून, हातात तवा घेऊन धावतात. 415 यार्ड. सुरुवातीला एकदा पॅनकेक उडवून झेलायचा आणि शेवटी एकदा."

"फक्त बायका?"

"फक्त बायका. त्याही गावातल्याच. निदान तीन महिने तिथे राहत असायला हवं."

"म्हणजे भाजायचं बायकांनी, धावायचंही बायकांनी. आणि पुरुष काय करतात?"

गृहस्थांनी ओल्नी सोडून दिलं. खरं तर त्याच्या पुढची गोष्ट जास्त मजेची होती. 1950 साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लिबरल या गावाने मासिकात ओल्नीचे फोटो पाहिले आणि आव्हान धाडलं. तेव्हापासून दोन्ही गावांतल्या बायका आपापल्या गावात तेवढंच अंतर धावतात आणि वेळा ताडून कोण जिंकलं ते ठरवतात. मधे अख्खा अटलांटिक महासागर. भांडायला शेजार लागतोच असं नाही, हे यातून दिसतं. पण ते बायकोला सांगण्यात अर्थ नव्हता.

मग त्यांनी फ्रान्स काढलं. बोर्दोजवळच्या मेडॉकमध्ये 1985 पासून एक मॅरेथॉन होते. पूर्ण बेचाळीस किलोमीटरची. वाटेत द्राक्षमळे, प्रत्येक मळ्याच्या दारात वाइनचे पेले, असे वीसहून जास्त थांबे. शेवटच्या टप्प्यात कालवं, बीफ, चीज आणि आइस्क्रीम. दरवर्षी वेषभूषेचा विषय ठरलेला, आणि बहुतेक सगळे सोंग काढूनच धावतात. साडेसहा तासांची मुदत आहे. त्यामुळे तिथे खरी चुरस असते ती शेवटी येऊनही मुदतीत बसण्याची. जो लवकर पोचला त्याचे किती पेले हुकले असतील, या विचाराने लोक हळहळतात.

"ती बरी वाटते," बायको म्हणाली. "तिथे का नाही नाव दिलंस?"

लंडनची गोष्ट त्यांनी शेवटी राखून ठेवली होती. तिथे संसदेचे खासदार, लॉर्ड आणि पत्रकार असे तीन संघ डोक्यावर आचाऱ्याच्या टोप्या घालून पॅनकेक उडवत रिले शर्यत धावतात. पैसे रिहॅब या संस्थेला. एकमेकांना रोज पाण्यात पाहणारी माणसं वर्षातून एकदा तवे घेऊन समोरासमोर येतात आणि कुणालाही इजा होत नाही. आपल्या विधान भवनात हा प्रयोग करायचा झाल्यास तवे आधी तपासून घ्यावे लागतील.

एवढ्यात मुंबईहून मेहुण्याचा फोन आला. मेहुणा मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमधला जुना गडी. ही मॅरेथॉनही 2004 मध्येच सुरू झाली, हा एक गमतीचा योगायोग. जानेवारीतल्या त्या रविवारी बेचाळीस किलोमीटरवाले घाम गाळत असतात, आणि सहा किलोमीटरच्या आत आटोपणारी ड्रीम रनची मंडळी, कुणी शिवाजी महाराज, कुणी झाड, कुणी प्लास्टिकची बाटली होऊन, हातात फलक घेऊन, सीएसएमटीच्या समोर सेल्फी काढत असतात. ड्रीम रनमध्ये वेळ लावत नाहीत. कारण धावतं कोण? सुरुवातीला कॅमेरा असतो तिथे धावतात आणि शेवटी कॅमेरा असतो तिथे धावतात. मधल्या अंतरात शाळेतले मित्र भेटतात.

"दाजी, आमच्यात आधी पळतात," मेहुणा म्हणाला, "मग इराण्याकडे बन-मस्का आणि ऑम्लेट. तुम्ही मधेच कुठे खाताय?"

इथे हिशेब करायलाच हवा, आणि गृहस्थांनी तो एक्सेलमध्ये केला. एका डोनटच्या साधारण दोनशे कॅलरी धरल्या तर बाराच्या 2400, म्हणजे धडधाकट माणसाची अख्ख्या दिवसाची बेगमी. एक मैल धावलं की ढोबळमानाने शंभर कॅलरी जळतात. पाच मैलांच्या पाचशे. उरल्या एकोणीसशे. म्हणजे वजन कमी करायला म्हणून उतरलेला माणूस एका सकाळीत जवळजवळ पूर्ण दिवसाचं जेवण शिलकीत टाकून घरी येतो. खाल्लेलं सगळं जाळायचं तर चोवीस मैल धावावं लागेल. आणखी दोन मैल रेटले की मॅरेथॉनच. गृहस्थांनी फाइल बंद केली आणि तिला 'फायनल' असं नाव दिलं.

शास्त्रही विरोधातच आहे. धावताना रक्त पायांकडे जातं आणि पोट वाट बघत बसतं. त्यात पदार्थ तळलेला; तेलकट खाणं पोटातून हलायला वेळ लागतो. बारा डोनटांत स्निग्धांश शंभर ग्रॅमच्या वर, साखरही शंभराच्या वर. आपल्या वाडवडिलांनी जेवणानंतर शंभर पावलं आणि मग डाव्या कुशीवर आडवं होणं एवढाच व्यायाम सांगून ठेवला, तो काही आळसापोटी नव्हे. निदान केवळ आळसापोटी नव्हे.

सराव मात्र नेटाने झाला. अर्ध्या भागाचा. शर्यतीत दोन कौशल्यं लागतात, त्यांपैकी जे अवघड वाटतं त्यावर आधी मेहनत घ्यावी, असा गृहस्थांचा सिद्धांत. धावणं काय, लहानपणी बसमागे केलंच आहे. म्हणून महिनाभर दर शुक्रवारी ऑफिसातून येताना डोनटचा खोका यायचा.

"हा सराव?" बायको विचारायची.

"तांत्रिक बाजू आहे ती."

"मग पायांची बाजू कधी?"

पायांच्या बाजूसाठी नवे बूट आले. ते चावले. म्हणून पायांची बाजू पुढे ढकलली.

शर्यतीच्या सकाळी तापमान शून्याच्या आसपास. गृहस्थांनी आत बनियन, त्यावर थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट चढवलं आणि छातीवरचा नंबर सर्वांत वरच्या थरावर चार सेफ्टी पिनांनी पक्का केला. हॅन्ड-ग्लव्हज, कानटोपी, खिशात बायकोने दिलेला फॉइलचा तुकडा ("लागतो कशालातरी"). बेलटॉवरखाली हजारो माणसं उड्या मारत होती. बहुतेक विद्यार्थी, अर्ध्या चड्डीत. कुणी केळं होऊन आलेलं, कुणी डोनट होऊन, कुणी पोलीस. डोनट आणि पोलीस यांचं जुनं नातं अमेरिकेत पोरासोरांना ठाऊक असतं. काटकुळा सहकारी सगळ्यात पुढे होता. त्याने हात केला. गृहस्थांनीही केला, मागून.

शर्यत सुटली. पहिल्या अर्ध्या मैलातच जाकिटाने आपले गुण दाखवले. आत भट्टी पेटली. जाकीट काढायचं तर नंबर जातो, नंबर ठेवायचा तर जीव जातो. हिल्सबरो स्ट्रीटवर गृहस्थांना आधी बाबागाडी ढकलणारी एक आई मागे टाकून गेली, मग केळं, मग तेच केळं पुन्हा, कारण ते मित्राला शोधायला मागे आलं होतं. मनगटावरचं घड्याळ अधूनमधून प्रोत्साहन देत होतं. मग त्याने प्रोत्साहन देणं थांबवलं आणि विचारलं, व्यायाम संपला का?

दुकानाजवळ पोचले तेव्हा दृश्य असं. रस्ताभर माणसं खोके उघडून उभी. पाण्याचे पेले पायदळी. हवेत साखरेचा वास इतका दाट की नुसत्या श्वासाने पाव डोनट पोटात जावा. स्वयंसेवक मुलगी प्रत्येकाच्या हातात खोका ठेवत होती. गृहस्थांनी खोका घेतला, 'थँक यू' म्हटलं आणि बसायला जागा शोधू लागले. बसायला जागा नव्हती. मग फूटपाथच्या कडेला मांडी घातली, खोका पुढ्यात ठेवला, टिश्यूपेपर मांडीवर अंथरला. चित्राहुती घालायची तेवढी बाकी राहिली.

पहिला डोनट सुरेख होता. थंडीने पाक कडक झाला होता, दातांखाली त्याची पातळ पापडी फुटायची आणि आतला लुसलुशीत भाग जिभेवर बसायचा. दुसराही सुरेख. तिसऱ्याला गृहस्थांनी दाद दिली. चौथ्याच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की पाकाचे कण मिशीत अडकून तिथेच थिजलेत. पाचव्याला साखरेची चव जाऊन नुसतं ओझं राहिलं. सहाव्याकडे ते नुसते बघत राहिले.

"काका, मराठी का?"

शेजारी एक पोरगा. नाशिकचा, एमएस करतोय. गृहस्थ सहाव्या डोनटला उद्देशून जे काही पुटपुटले होते, त्यावरून त्याने ओळखलं.

"असे एकेक नाही खायचे काका. जन्म जाईल. हे बघा." त्याने चार डोनट एकावर एक ठेवले आणि दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन भाकरी थापावी तसे थापून सपाट केले. यीस्टने फुगलेल्या डोनटात पुष्कळशी हवाच असते; हवा गेली की चार डोनटांची जाडी एकाएवढी उरते. मग त्याने ती थप्पी पाण्याच्या पेल्यात बुडवली, बाहेर काढली आणि दोन घासांत घशाखाली लोटली. चेहऱ्यावर समाधान वगैरे काही नाही. काम झालं.

"अरे, पण चव?"

"चव घरी घ्यायची काका. इथे संपवायचं."

गृहस्थांनी दोन डोनट दाबून पाहिले. हॅन्ड-ग्लव्हज पाकात लडबडले आणि बोटं एकमेकांना चिकटली. पाण्यात बुडवल्यावर जे हाती आलं, ते पाहून त्यांना घरी बाळ लहान असतानाचे दिवस आठवले. तरी एक घास घेतला. हा पदार्थ या अवस्थेत कुणाच्याही आजोबांनी पैजेवर खाल्ला नसता. तेवढ्यात खिशात फोन वाजला. चिकट बोटाने स्क्रीन उघडेना. अंगठा ओळखायला फोनने साफ नकार दिला. मग नाकाने उघडला. बायकोचा मेसेज होता: "कुठे आहेस? आई विचारतायत, चक्कर आली का."

काटकुळ्या सहकाऱ्याचा रिकामा खोका कचऱ्याच्या डब्यात केव्हाच पडला होता आणि तो परतीच्या वाटेवर दिसेनासाही झाला होता. तास संपत आला. गृहस्थांच्या खोक्यात चार डोनट अजून शाबूत होते. इथे एका अस्सल मराठी माणसापुढे धर्मसंकट उभं राहतं. खाता येत नाहीत आणि टाकवत नाहीत. पैसे भरलेत. शिवाय मुलांना आवडतात. गृहस्थांनी खिशातून फॉइल काढलं, चारही डोनट नीट गुंडाळले आणि जाकिटाच्या आतल्या खिशात, हृदयाच्या अगदी जवळ, ठेवले. बायकोचं 'लागतो कशालातरी' किती दूरदृष्टीचं असतं, हे पुरुषांना वेळ आल्यावरच कळतं.

परतीचे अडीच मैल म्हणजे काय, हे प्रत्यक्ष बघितलं पाहिजे. जाताना जी तरणीबांड पोरं हरणाच्या चालीने गेली होती, ती आता हात पोटावर ठेवून, कुणाशी न बोलता, नजर क्षितिजावर लावून चालली होती. वाटेत कचऱ्याचा डबा दिसला की कुणीतरी त्याच्याकडे लगबगीने जायचं, काही वेळ त्याच्यात डोकं घालून राहायचं आणि चेहऱ्यावर विलक्षण शांती घेऊन परत रांगेत यायचं. रस्त्याकडेचे बघे टाळ्या वाजवत होते. केळं फूटपाथवर आडवं पडलं होतं, त्याचे मित्र त्याच्या साली सैल करत होते.

आणि इथे आपले गृहस्थ पुढे निघाले! धावत नव्हते, चालत होते. संथ, समपायी, हात मागे बांधून, रात्री जेवणानंतर सोसायटीच्या आवारात फिरतात तसे. पोटात आठच डोनट असल्यामुळे आणि शतपावलीचा तीन पिढ्यांचा सराव असल्यामुळे त्यांची चाल ढळली नाही. नाशिककर पोरगा एका डब्यापाशी भेटला. त्याला बोलता येत नव्हतं. गृहस्थांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि "ओवा खा बाळा" असा सल्ला दिला. दाढीवाला एक अमेरिकन दोन हातांत डोकं धरून बसला होता. त्यालाही ओवा सुचवला. त्याला वाटलं हे देवाचं नाव असावं. त्याने हात जोडले.

बेलटॉवरखाली पोचेपर्यंत तास केव्हाच उलटून गेला होता. नियमाप्रमाणे आव्हान हुकलं, पण टी-शर्ट आधीच मिळालेला होता आणि त्यावर कुणी किती खाल्ले ते लिहिलेलं नसतं. घरी आल्यावर फॉइल उघडलं. चार डोनटांचा एक झाला होता, जाकिटाच्या उबेने, नाशिकच्या पद्धतीनेच. मुलांनी तो लांबूनच पाहिला.

संध्याकाळी टी-शर्टमधला फोटो तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि अर्ध्या तासात एक समिती तयार झाली. आपणही अशी शर्यत का करू नये? गणपतीच्या सुमारास. मोदकांची. एकवीस मोदक, पाच मैल. देणगी याच हॉस्पिटलला. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मग कुणीतरी विचारलं, "उकडीचे की तळणीचे?"

यावर रात्री बारापर्यंत चर्चा चालली. कोकणस्थ, देशस्थ आणि एक नागपूरकर असे तीन गट पडले. उकडीचे मोदक हातात धरून धावता येत नाहीत, असं एकाचं म्हणणं. तळणीचे खाऊन धावता येत नाही, असं दुसऱ्याचं. साजूक तूप वाटेतल्या कुठल्या मैलावर वाढायचं, यावर दोन इंजिनिअरांनी नकाशा काढला. एकीने विचारलं, हे एवढे मोदक वळणार कोण? त्यानंतर वीस मिनिटं ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही.

शेवटी खजिनदारांनी सर्वसंमत तोडगा मांडला. मोदक केटररकडून मागवावेत. कार्यक्रम हॉलमध्ये, बसून, पानं मांडून करावा. हॉस्पिटलसाठी माणशी पंचवीस डॉलर तिथेच गोळा करावेत, मुलांना निम्मे. धावण्याचं पुढच्या वर्षी बघू.

त्यालाही सगळ्यांनी अंगठे दाखवले. गृहस्थांनी दोन दाखवले.